मिटफर्डचे फादर टिम आणि आपण: छोट्या गावातल्या सौम्य, श्रद्धाळू कादंबऱ्या तुम्हाला भावतात का?

मोगरा

इथे अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लटला आमचा सहा-सात जणींचा वाचनगट आहे. महिन्याला एक पुस्तक, कुणाच्या तरी घरी चहा-पोहे आणि मग चर्चा. या वेळी निवडायची पाळी माझी होती. मी जॅन कॅरन यांचं ‘अ‍ॅट होम इन मिटफर्ड’ सुचवलं आणि गटाचे सरळ दोन तट पडले. तिघींना ते इतकं आवडलं की त्यांनी पुढचे भाग लायब्ररीतून आणलेसुद्धा. दोघींनी पन्नास पानांत मिटून ठेवलं. एक जण म्हणाली, "हे पुस्तक नाही, साखरपाणी आहे." ते वाक्य माझ्या मनातून जात नाही, म्हणून इथे विचारतेय.

आधी माझ्याबद्दल सांगते. दोन वर्षांपूर्वी बाबा गेले. मी विमानात होते, पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. परत आल्यावर कितीतरी महिने मला वाचताच येत नव्हतं. खून नको, युद्ध नको, कुणाची फसवणूक नको, असं व्हायचं. लायब्ररीतल्या बाईंनी हे पुस्तक हातात दिलं. म्हणाल्या, रोज दोनच प्रकरणं वाच.

गोष्ट अशी. नॉर्थ कॅरोलायनाच्या ब्लू रिज डोंगरांतलं मिटफर्ड नावाचं काल्पनिक गाव. तिथल्या एपिस्कोपल चर्चचे साठीला आलेले फादर टिम, आयुष्यभर एकटे राहिलेले. एक दिवस एक प्रचंड काळा कुत्रा त्यांच्या मागे लागतो, तो फक्त बायबलमधली वचनं ऐकली की शांत होतो. मग अकरा वर्षांचा डूली त्यांच्या घरी येतो, कारण त्याचे आजोबा आजारी पडतात आणि आई दारूत बुडालेली. शेजारी मांजरीवर मुलांची पुस्तकं लिहिणारी सिंथिया राहायला येते. गावात एस्थर बोलिकचा संत्र्याच्या मार्मलेडचा केक प्रसिद्ध, आणि फादरना तर मधुमेह निघालेला.

कॅरनबाई जाहिरातीच्या धंद्यात होत्या. पन्नाशीत ते सोडून त्या ब्लोइंग रॉक या डोंगरातल्या गावी आल्या आणि तिथल्या ‘ब्लोइंग रॉकेट’ या स्थानिक साप्ताहिकात मिटफर्डचे हप्ते लिहू लागल्या. पुस्तक १९९४ ला एका छोट्या ख्रिस्ती प्रकाशनानं काढलं. पुढे रॅले शहरातल्या एका स्वतंत्र पुस्तकदुकानाच्या मालकिणीनं ते उचलून धरलं आणि पेंग्विन या मोठ्या प्रकाशनापर्यंत पोचवलं. हे हप्त्यांचं कळल्यावर मला पुस्तकाची चाल उमगली. एक प्रसंग, एक माणूस, एक जेवण, मग पुढचा आठवडा. सलग कथानक शोधत बसलं तर ते हाती लागत नाही. रोज रात्री थोडं वाचलं की गाव हळूहळू आपलं होत जातं.

तुम्ही वाचलंय का? आवडलं नसेल तर का, तेही मनमोकळं लिहा.

अस्वस्थ वाचक

वाचलंय. पहिला भाग पूर्ण, दुसरा अर्धा. तुमच्या दुःखाबद्दल वाईट वाटलं, आणि त्या काळात या पुस्तकानं साथ दिली असेल तर त्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण पुस्तक म्हणून मला ते पटलं नाही.

माझी अडचण चांगुलपणाची नाही. चांगुलपणाला तिथे किंमत मोजावी लागत नाही, ही आहे. चर्चच्या माळ्यावर लपलेला रत्नचोर भर रविवारच्या उपासनेत खाली येऊन गुन्हा कबूल करतो. हा प्रसंग वाचताना मी सरसावून बसलो होतो. पण लेखिका त्याला कबुलीकडून थेट शांतीकडे नेते. ज्याचं चोरलं त्याचं काय, स्वतःच्या आतल्या घाणीकडे रोज बघायचं कसं, यावर फारसं थांबत नाही. प्रार्थना केली की वाट सापडते, हे दहा वेळा झालं की अकराव्या वेळी मला कुणाचीच काळजी वाटत नाही.

श्रद्धेवरचं लेखन मला वर्ज्य नाही. मॅरिलिन रॉबिन्सन यांची ‘गिलियड’ घ्या. तीही छोट्या गावातल्या पाळकाचीच गोष्ट आहे. आयोवातला शहात्तर वर्षांचा जॉन एम्स १९५६ साली आपल्या सात वर्षांच्या मुलाला दीर्घ पत्र लिहितो, कारण मुलगा मोठा होईपर्यंत आपण नसणार हे त्याला माहीत आहे. २००५ चं पुलित्झर पारितोषिक तिला मिळालं. तिथे म्हातारा पाळक मित्राच्या मुलाला सहजासहजी क्षमा करू शकत नाही, आणि त्या न जमण्यातच त्याची श्रद्धा दिसते. मिटफर्डमध्ये मला तो अडखळणारा पाय सापडला नाही.

उंबरठा

एक शंका. फादर आणि सिंथियाचं पुढे लग्न होतं असं वाचलं. फादरना लग्न करता येतं?

वसईची लेक

उंबरठा, मी कॅथलिक, वसईची. आमच्या धर्मगुरूंना लग्न करता येत नाही. एपिस्कोपल म्हणजे अँग्लिकन परंपरेची अमेरिकेतली शाखा, त्यांच्यात चालतं. आपल्याकडचे अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन आणि इतर काही पंथ १९७० साली नागपुरात एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाले. त्यांच्या पाळकसाहेबांनाही बायका-मुलं असतात.

आता पुस्तकाबद्दल. मराठी वाचकांमध्ये बसून ख्रिस्ती घरातल्या रोजच्या प्रार्थनेबद्दल बोलायची संधी मला क्वचितच मिळते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. फादर टिम ज्या प्रार्थनेला कधीच न चुकणारी प्रार्थना म्हणतात, ती म्हणजे ‘तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’. इतकीच. आमची आजी तांदूळ निवडताना हेच पुटपुटायची. त्यामुळे पुस्तकातल्या प्रार्थना मला उपदेश वाटल्याच नाहीत, घरातला आवाज वाटला. फोनवर बोलता बोलता प्रार्थना करणं, रस्त्यात उभं राहून करणं, हे तिथे इतकं सहज येतं की स्वयंपाकघरातलं भांडं वाजल्यासारखं वाटतं.

तरीही माझी तक्रार आहे, आणि ती अस्वस्थ वाचक यांच्या तक्रारीहून वेगळी आहे. आमच्याकडे फादर फ्रान्सिस दिब्रिटो ‘सुवार्ता’ मासिकाचं संपादन करायचे आणि हरित वसईच्या लढ्यात जमिनीसाठी, पाण्यासाठी, गुंडगिरीविरुद्ध उभे राहायचे. मी ज्या श्रद्धेत वाढले ती चर्चच्या दारातून बाहेर पडून मोर्चात जायची. मिटफर्डमधली श्रद्धा माणसांच्या घरी जाते, आजाऱ्याच्या उशाशी बसते, अनाथ पोराला पोटाशी धरते. पण गाव असं का आहे, हे विचारायला ती फारशी जात नाही. दिवाणखान्यातच जास्त रमते. प्रेम आहे म्हणूनच हे खटकतं.

सरळरेघ

मला स्पष्टच वाटतं की ही प्रचाराची पुस्तकं आहेत. तो माळ्यावरचा माणूस, फादर त्याला प्रार्थना सांगतात, तो मागून म्हणतो. हे आपण कीर्तनकाराच्या कादंबरीत वाचलं असतं तर प्रतिगामी म्हटलं असतं. मग इथे सौम्य का म्हणायचं?

जुनी पाने

सरळरेघ, तुमचा प्रश्न रास्त आहे, आणि मराठीला तो फार जुना आहे. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून जिचा उल्लेख होतो ती बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’, १८५७ ची. यमुना आणि तिचा नवरा प्रवासात विधवांच्या एकेक कहाण्या ऐकतात. केशवपन, छळ, उपासमार. पदमनजी स्वतः ख्रिस्ती झाले होते आणि पुस्तकात धर्माची बाजू उघड आहे. आज वाचताना प्रवचनाची पानं जड जातात. पण त्या विधवा विसरता येत नाहीत. म्हणजे आपली कादंबरी जन्मली तीच श्रद्धेच्या हेतूनं, आणि टिकलं ते त्या हेतूच्या पलीकडे जे लेखकाच्या डोळ्यांना दिसलं ते.

मी तोच निकष लावतो. लेखकाला काही सांगायचं आहे का, हे मी विचारत नाही, कारण सगळ्यांनाच काहीतरी सांगायचं असतं. सांगता सांगता त्याला माणूस दिसला का? डूली मला दिसला. त्याची बोली, त्याचा राग, फादरच्या घरात अंग चोरून वावरणं, हे कोणत्याही प्रचारासाठी लिहिलेलं नाही. माळ्यावरचा चोर मात्र मलाही दिसला नाही, तिथे अस्वस्थ वाचक बरोबर आहेत.

आणि ‘श्यामची आई’ आठवा. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेली. प्रकरणं नाहीत, ‘रात्री’ आहेत, बेचाळीस. आश्रमात प्रार्थना होते, मग श्याम गोष्ट सांगतो. मोगरा यांनी हप्त्यांचं जे लिहिलं त्यावरून मला हेच आठवलं. रोज थोडं ऐकायचं, उद्या पुन्हा यायचं. या पुस्तकालाही भाबडं म्हणणारे होते आणि आहेत. पण त्यातली गरिबी भाबडी नाही. घर जातं, अब्रू जाते, आई मरते आणि श्याम वेळेवर पोचत नाही.

मोगरा

जुनी पाने, शेवटचं वाक्य वाचून थोडा वेळ काही लिहिता आलं नाही. त्या पुस्तकाशी माझा असा संबंध जोडला जाईल असं वाटलं नव्हतं.

वेशीबाहेर

धागा सुरुवातीपासून वाचतोय. लिहू की नको असं करत होतो.

मी पुसदकडचा. पुस्तक वाचलं नव्हतं, हा धागा पाहून पहिली शंभर पानं वाचली. छान लिहिलंय, खोटं बोलणार नाही. फादर सकाळी चालत कामावर निघतात, दुकानदार हाक मारतात, हॉटेलात जागा राखलेली असते. वाचताना मला सारखं वाटत होतं, ही सगळी दारं याच्यासाठी उघडी आहेत. माझ्या आजोबांसाठी गावात किती दारं उघडी होती? पाणी कुठून, चहाचा कप कुठला, देवळाच्या कुठल्या पायरीपर्यंत? ४ नोव्हेंबर १९४८ ला बाबासाहेबांनी संविधानसभेत खेड्याला संकुचितपणाचं डबकं आणि अज्ञानाची गुहा म्हटलं, तेव्हा गावावर कविता करणाऱ्या अनेकांना ते लागलं. आम्हाला लागलं नाही, कारण ते आमच्याच घरातलं बोलणं होतं.

मिटफर्ड अमेरिकेच्या दक्षिणेत आहे. तिथे काळ्या माणसांचं काय झालं हे जगाला माहीत आहे. मी वाचलेल्या शंभर पानांत ते मला जाणवलं नाही. गाव मायाळू आहे असं कुणी सांगितलं की मी आधी विचारतो, कुठल्या घरातून बघून सांगतोय?

मोगरा

वेशीबाहेर, तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत. आमच्या गटात हा मुद्दा कुणीच काढला नाही, मीही नाही. अकरा वर्षं दक्षिणेत राहूनही मला तो दिसला नाही, याची मला खंत वाटते.

एक सांगते, पुढचे भाग वाचणाऱ्यांचा रसभंग होईल, त्यांनी हा परिच्छेद सोडावा. २००७ मध्ये ‘होम टू हॉली स्प्रिंग्ज’ आलं. त्यात फादर टिम आपल्या जन्मगावी, मिसिसिपीला जातात. "घरी ये" एवढंच लिहिलेली चिठ्ठी आलेली असते. तिथे कळतं की लहानपणी ज्या काळ्या बाईनं त्यांना सांभाळलं आणि जी अचानक निघून गेली, तिच्या पोटी त्यांच्या वडिलांचा मुलगा आहे. रक्ताचा सावत्र भाऊ, इतकी वर्षं माहीत नसलेला, आणि आता आजारी. पहिल्या पुस्तकानंतर तेरा वर्षांनी लेखिका इथपर्यंत आली. उशीर झाला हे मान्य. पण आली.

अस्वस्थ वाचक

हे मला माहीत नव्हतं. तरी प्रश्न उरतो. तेव्हासुद्धा तो भाऊ फादरच्या शोधयात्रेतलं एक ठिकाण होतो, की त्याची स्वतःची बाजू येते? वाचून सांगेन.

रात्रपाळी

मी नर्स आहे, नाशिकला. बहुतेक रात्रपाळीच असते. तीन ते पाचच्या दरम्यान वॉर्ड शांत असतो तेव्हा वाचते. मला साहित्यातलं फार कळत नाही, पण साखरपाणी हा शब्द वाचून राहवलं नाही.

मी खोटं रक्त पुस्तकात का वाचू? खरं रक्त मी बघतेच. सौम्य पुस्तक वाचणाऱ्यांना दुःख माहीत नसतं असं धरून चालू नका. माझ्या ओळखीत ही पुस्तकं वाचणाऱ्या बायकांमध्ये एक कॅन्सरमधून उठलेली आहे, एकीचा मुलगा गेलेला आहे.

आणि चांगुलपणाला किंमत मोजावी लागत नाही म्हणता, तर २००२ चं ‘इन धिस माउंटन’ वाचा. फादरना मधुमेह आहे हे पहिल्या भागापासून माहीत आहे. पथ्य पाळत नाहीत, सुई टाळतात, लोकांची कामं आधी आणि स्वतःचं औषध नंतर. असे पेशंट मी रोज बघते, देवमाणसंच जास्त. या भागात गाडी चालवताना त्यांची शुद्ध जाते आणि गाडी दुसऱ्या चर्चच्या पाळकावर जाते. तो माणूस जखमी होतो, त्याचा कुत्रा मरतो. पुढची कितीतरी पानं फादर अंथरुणातून उठत नाहीत. प्रार्थना जमत नाही. बायकोशी बोलणं जमत नाही. ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांना धीर दिला त्यांना आपल्या हातून झालेल्याचं तोंड बघवत नाही. हे मी वॉर्डात पाहिलंय, आणि लेखिकेनं ते घाईनं मिटवलेलं नाही. अडखळणारा पाय तिथे आहे. तिथपर्यंत पोचायला मात्र आधीचे पाच-सहा भाग त्या माणसाबरोबर चालावं लागतं. अचानक सातव्याच पुस्तकात कुणी भेटला असता तर मला एवढं लागलं नसतं.

उंबरठा

रात्रपाळी, तुमची पोस्ट आईला वाचून दाखवली. ती म्हणाली, सुई टाळणाऱ्या देवमाणसात तुझे वडीलही धर.

अस्वस्थ वाचक

रात्रपाळी, तुमचं ऐकून ‘इन धिस माउंटन’ मिळवलं. काल रात्री अपघातापर्यंत आलो. मी लिहिलेलं एक वाक्य मागे घेतो, किंमत मोजावी लागत नाही हे. मोजावी लागते, आणि ज्याच्या हातून काही चुकेल असं वाटत नव्हतं त्यालाच. अर्धा दुसरा भाग वाचून सगळ्या मालिकेबद्दल बोललो, तेही चुकलं.

पहिल्या पुस्तकाबद्दलचं मत मात्र बदललेलं नाही. मागितलेलं मिळतं अशा प्रार्थना तिथे जास्त आहेत. ज्याची आई आयसीयूमधून परत आली नाही त्यानं ते पुस्तक हातात धरलं तर त्याला काय वाटेल, हा प्रश्न माझ्यासाठी कोरडा नाही.

वसईची लेक

म्हणूनच मी त्या प्रार्थनेचे शब्द लिहिले होते. ‘तुझ्या इच्छेप्रमाणे’. आजी माझ्या धाकट्या भावासाठी सगळा आठवडा तेच म्हणत होती. तो वाचला नाही. त्यानंतरही ती तेच म्हणायची, पण आवाज बदलला होता. ‘ठेविले अनंते’ म्हणणाऱ्या शेजारच्या आजी आणि ती ओसरीवर शेजारी शेजारी बसायच्या, दोघींचं पटायचं. मिटफर्डमध्ये मला तो बदललेला आवाज हवा होता. रात्रपाळी म्हणतात तसा पुढे मिळत असेल तर मी पुढे वाचेन.

वेशीबाहेर

चार दिवस विचार करत होतो. माझ्या आधीच्या पोस्टवरून असं वाटलं असेल की अशी पुस्तकं लिहूच नयेत. तसं मला म्हणायचं नाही. उलट आहे. मला अशी पुस्तकं हवी आहेत, आमची.

आमच्याबद्दल लिहिलेलं जे मी वाचलं ते बहुतेक सगळं जखमेचं. ते लिहिलं जायलाच हवं होतं, त्यानं मला उभं केलं. पण माझ्या वस्तीत फक्त जखमा नव्हत्या. आमच्याकडे विहार आहे. आषाढी पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावास असतो, त्यात रोज संध्याकाळी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’चं वाचन होतं. माझी मोठीआई वाचायची. सातवी शिकलेली, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. बायका कामावरून येऊन, हातपाय धुऊन, पांढरी साडी नेसून बसायच्या. कुणाचं भांडण असेल तर ते त्या दिवशी विहाराबाहेर राहायचं. कुणाच्या मुलीचं लग्न मोडलं, कुणाच्या पोराला नवोदयला नंबर लागला, हे सगळं वाचनाच्या आधीच्या पंधरा मिनिटांत व्हायचं. तिथे फादर टिम नव्हते, पण तसं काम करणारी माणसं होती. त्यांच्यावर सौम्य, हळूहळू चालणारी, रोज रात्री दोन प्रकरणं वाचावीत अशी कादंबरी माझ्या वाचनात आलेली नाही. ती वाचताना मला कुठल्या घरातून बघतोय हे विचारावं लागलं नसतं.

रात्रपाळी

दादा, तुम्हीच लिहा ना. हप्त्या-हप्त्यानं. इथेच टाका, मी तीन वाजता वाचेन.

जुनी पाने

मनापासून अनुमोदन. आणि घाई नको. आठवड्याला एक प्रसंग पुरे.

वेशीबाहेर

कादंबरी वगैरे मला जमेल असं नाही. पण काल रात्री एवढं लिहिलं, ते देतो.

‘पाऊस पत्र्यावर इतका वाजत होता की मोठीआईचा आवाज पहिल्या दोन ओळींपलीकडे जात नव्हता. मग लाईट गेली. कुणी उठलं नाही. शेवंताकाकूनं ब्लाउजमधून बारकी बॅटरी काढून पुस्तकावर धरली, तिचा हात थकला तेव्हा तिच्या सुनेनं धरली. त्या दोघी महिनाभर एकमेकींशी बोलत नव्हत्या. मोठीआईनं ते पाहिलं, पण मान वर केली नाही. बोट ओळीवर ठेवून ती पुढे वाचत राहिली, आणि आम्ही पोरं पुढे पुढे सरकत तिच्या मांडीला चिकटलो, कारण ऐकू यायला दुसरा उपाय नव्हता.’